डोक्यावरचा भोवरा आणि टक्कल

लहान मुलाचे जावळ काढले की घरातील आजी सर्वांत आधी काय पाहते? शेंडीच्या जागी बोट ठेवून ती भोवरे मोजते. एक निघाला तर ठीक. दोन निघाले तर "याची दोन लग्नं होणार!" असे म्हणून सगळे हसतात. पुढे तोच मुलगा मोठा होतो आणि त्याच भोवऱ्याकडे आरशातून काळजीने पाहू लागतो.

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात असेच घडले. प्रात्यक्षिकांना नेहमी पुढे असणारा अकरावीचा एक विद्यार्थी एकाएकी टोपी घालून येऊ लागला. पहिल्या बाकावरून तो शेवटच्या बाकावर गेला. कारण विचारले तेव्हा दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळा रिकामी झाल्यावर म्हणाला, "सर, मला टक्कल पडायला लागलंय." सहलीत कोणीतरी पाठीमागून काढलेल्या छायाचित्रात त्याला स्वतःच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसला होता. पुस्तकांसाठी घरून मिळालेल्या पैशांतून त्याने केस उगवण्याचे तेल आणले होते. एक बाटली संपली होती, दुसरी अर्धी झाली होती. "बाबांनाही आहे टक्कल," तो म्हणाला.

मी हसलो नाही. कारण माझ्या स्वतःच्या शेंडीच्या जागी खरोखरच केस विरळ झाले आहेत. मग आम्ही दोघांनी हा प्रश्न भौतिकशास्त्राचा प्रश्न म्हणून सोडवायचे ठरवले. त्यात खरे तर दोन प्रश्न होते. डोक्यावर भोवरा का असतो? आणि टक्कल बहुधा तेथेच का पडू लागते? या दोन प्रश्नांची गल्लत झाली की उगाच भीती निर्माण होते.

भोवरा टाळता येत नाही

केस त्वचेतून सरळ काटकोनात उगवत नाहीत, तिरके उगवतात. म्हणून प्रत्येक केसाला एक दिशा असते. कपाळाजवळचे केस निसर्गतः पुढे झुकतात, कानांवरचे खाली उतरतात, मानेवरचेही खाली उतरतात. कंगव्याने आपण ते कसेही वळवतो; पण केस अगदी बारीक कापले की त्यांची मूळ दिशा स्पष्ट दिसते.

आता कागदावर एक मोठे वर्तुळ काढा. हा वरून पाहिलेल्या डोक्याचा नकाशा समजा. घड्याळात १२ असतात तेथे कपाळ, ६ असतात तेथे मान, ३ आणि ९ च्या जागी कान. केस जेथे संपतात ती कड म्हणजे हे वर्तुळ. १२ च्या जागी केस पुढे, म्हणजे नकाशावर वर जातात. तेथे वर जाणारा बाण काढा. ३ च्या जागी उजवीकडे, ६ च्या जागी खाली, ९ च्या जागी डावीकडे जाणारा बाण काढा. मधल्या जागाही तशाच भरा. आता १२ पासून निघून घड्याळाच्या काट्याप्रमाणे वर्तुळावरून बोट फिरवा आणि बाण कसा वळतो ते पाहा. बोटाची एक फेरी पुरी होते तेव्हा बाणानेही बरोबर एक फेरी पुरी केलेली असते.

या वर्तुळाच्या आत कोठेही भोवरा नाही, सगळीकडे केस शेजारच्या केसाच्या जवळजवळ समांतर आहेत, असे क्षणभर धरू. वर्तुळ हळूहळू लहान करत आत आणा. केसांची दिशा कोठेही एकदम बदलत नसेल, तर बाणाच्या फेऱ्यांची संख्याही एकदम बदलू शकणार नाही. ती पूर्ण संख्या आहे. एकावरून शून्यावर उडी मारल्याखेरीज ती बदलूच शकत नाही. म्हणजे वर्तुळ कितीही लहान केले तरी फेरी एकच राहिली पाहिजे. पण अगदी टाचणीच्या टोकाएवढ्या वर्तुळात तर सगळे केस एकाच दिशेचे असणार, तेथे फेऱ्या शून्य! हा विरोध सुटण्याचा मार्ग एकच. वर्तुळाच्या आत निदान एक बिंदू असा असला पाहिजे, की तेथे केसाला ठरावीक दिशाच नाही. तो बिंदू म्हणजे भोवरा.

संपूर्ण केसाळ चेंडूविषयी असाच एक प्रमेय गणितात प्रसिद्ध आहे. फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे यांनी १८८५ साली आणि डच गणिती ब्राउवर यांनी १९१२ साली अधिक व्यापक स्वरूपात तो मांडला. चेंडूवरचे केस कसेही विंचरा, कोठेतरी भोवरा राहतोच. आपले डोके पूर्ण चेंडू नाही, म्हणून आपण कडेच्या बाणांवरून तोच मुद्दा सिद्ध केला.

दोन भोवरे असले तर? प्रत्येक भोवऱ्याभोवती बाणाची एकेक फेरी, म्हणजे बेरीज दोन. पण कडेवर तर एकच फेरी होते. तेव्हा हिशेब जुळायला कोठेतरी वजा एक हवा. तो दोन भोवऱ्यांच्या मध्ये सापडतो. तेथे दोन्हीकडून आलेले केस एकमेकांसमोर येतात आणि बाजूंना निघून जातात. त्या जागेभोवती बोट घड्याळाच्या दिशेने फिरवले तर बाण उलट दिशेने फिरतो. म्हणून १ + १ − १ = १. दोन समान धन विद्युत प्रभारांच्या बलरेषा तुम्ही पुस्तकात पाहिल्या असतील. त्यांच्या मधोमध जो बिंदू असतो आणि जेथे बल शून्य होते, त्याचे चित्र हुबेहूब असेच असते. लग्नांच्या संख्येशी या बेरजेचा काही संबंध नाही.

भोवरा केव्हा ठरतो?

केस त्वचेतील ज्या खोलगट पिशवीतून उगवतो तिला केशपुटक म्हणतात. डोक्यावरची सगळी केशपुटके बाळ आईच्या पोटात असतानाच तयार होतात. जन्मानंतर डोक्यावर नवी केशपुटके होत नाहीत. त्यांचा तिरकेपणाही तेव्हाच ठरतो. त्वचेच्या पेशींना 'पुढे कोणते आणि मागे कोणते' हे सांगणारी काही जनुके आहेत. २००४ साली अमेरिकेतील जेरेमी नाथन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांतील 'फ्रिझल्ड-६' नावाचे जनुक निकामी केले, तेव्हा त्या उंदरांच्या अंगावर भलत्याच जागी भोवरे उमटले. भोवरा 'असणे' भूमितीने ठरते, तर तो कोठे असावा आणि कोणत्या बाजूला वळावा हे जीवशास्त्र ठरवते. बहुतेक माणसांत तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळलेला असतो.

आता त्या पांढऱ्या ठिपक्याकडे येऊ. कौलारू छपरावर प्रत्येक कौल खालच्या कौलाचा माथा झाकते. डोक्यावरही एक केस पुढच्या केसाचे मूळ झाकतो. पण छपराच्या आढ्यावर दोन्ही बाजूंची कौले एकमेकांपासून दूर उतरतात. म्हणून तेथे वेगळे कौल बसवावे लागते. भोवरा म्हणजे डोक्याचे आढे! तेथून केस सर्व बाजूंना दूर जातात, आणि मधले मूळ झाकायला वरून कोणताच केस येत नाही. म्हणून दाट केसांच्या मुलाच्या भोवऱ्यातही थोडी त्वचा दिसतेच. केस ओले किंवा तेलकट असले, वरून दिव्याचा झोत पडला, की ती अधिकच उठून दिसते.

एका केसाचे आयुष्य

आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस साधारण दोन ते सहा वर्षे वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याचे मूळ आकसते. पुढे सुमारे तीन महिने तो विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच पिशवीतून नवा केस उगवू लागतो.

यावरून एक सोपा हिशेब करता येतो. केसाचे आयुष्य सरासरी तीन वर्षे, म्हणजे सुमारे १,००० दिवस धरले, तर एक लाख केसांपैकी रोज १,००,००० ÷ १,००० = १०० केस गळणारच. कंगव्यात केस दिसले म्हणजे टक्कल पडत आहे असे नव्हे. जितके जातात तितके येतात, तोवर टाकी भरलेलीच राहते.

दोष जागेचा नव्हे, पुटकाचा

पुरुषांच्या नेहमीच्या टकलात केस नुसते गळत नाहीत. पुटके आखूड आणि लहान होत जातात. प्रत्येक फेरीत येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि अल्पायुषी असतो. शेवटी बाळाच्या अंगावरील लवीसारखा केस उरतो.

याचे कारण १९४२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी पुढे आणले. वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण निकामी झाले होते, अशा पुरुषांना टक्कल पडत नाही असे त्यांना दिसले. त्यांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, दिल्यावर काहींना टक्कल पडू लागले. पण सर्वांना नव्हे. ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांनाच. म्हणजे दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात, संप्रेरक आणि वारसा. हा वारसा आई आणि वडील या दोघांकडूनही येतो. 'टक्कल आजोळकडून येते' हे अर्धेच खरे आहे. आईकडून मिळणाऱ्या एका जनुकाचा वाटा मोठा आहे, पण इतर अनेक जनुकांचाही वाटा असतो.

पुढे १९७४ साली ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात जन्मतःच एका विकराची, म्हणजे एन्झाइमची, कमतरता होती. हे विकर टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी रसायनात करते. त्या कुटुंबांतील अशा पुरुषांना टक्कल पडत नव्हते. पुटके लहान करणारे रसायन हेच, असे त्यावरून स्पष्ट होत गेले.

पण हे रसायन रक्ताबरोबर सगळ्या डोक्यात फिरते. मग शेंडीपाशी आणि कपाळाच्या दोन कोपऱ्यांतच टक्कल का, आणि मानेवर व कानांवर का नाही? त्या जागी रक्त कमी पोहोचते काय? टोपीचा दोष आहे काय? उत्तर एका सुंदर प्रयोगाने मिळाले. न्यू यॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी डोक्याच्या मागच्या बाजूची केसाळ त्वचा टकलावर बसवली. ती नव्या जागीही केस देत राहिली. टकलाची त्वचा दाट केसांत बसवली, तेथे टक्कलच राहिले. १९५९ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. म्हणजे दोष जागेचा नव्हता. माथ्यावरची पुटके स्वतःच त्या रसायनाला बळी पडणारी असतात, मागची नसतात. तेव्हा भोवऱ्याच्या वळणाचा टकलाशी संबंध नाही. दोघे एकाच मोहल्ल्यात राहतात, एवढेच.

केसाची जाडी मोजू या

आता त्या विद्यार्थ्याकडे वळू. टक्कल म्हणजे केस बारीक होणे, तर मग केस मोजलाच पाहिजे. केस सुमारे ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो. साध्या पट्टीने तो मोजता येत नाही. पण प्रकाशाने येतो.

प्रयोगशाळेतील लाल लेसरच्या झोतात एक केस ताणून धरला, की समोरच्या भिंतीवर उजळ आणि काळे ठिपके एका रांगेत दिसतात. हे प्रकाशाचे विवर्तन. त्याचे सूत्र सोपे आहे:

केसाची जाडी = तरंगलांबी × भिंतीचे अंतर ÷ शेजारच्या दोन काळ्या पट्ट्यांमधील अंतर

मधला उजळ पट्टा दुप्पट रुंद असतो. म्हणून मोजमाप त्याच्या एका बाजूला करावे. दहा अंतरे एकत्र मोजून दहाने भागल्यास चूक कमी होते. केस जितका बारीक, तितके पट्टे दूरदूर पडतात.

आमच्या लेसरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर आणि भिंत २ मीटरवर होती. मुलाच्या भोवऱ्यापासचे दहा आणि मानेवरचे दहा केस मुळाजवळ कातरीने कापून घेतले. दोन्हीकडच्या केसांच्या पट्ट्यांतील अंतर सरासरी २ सेंटीमीटर आले, म्हणजे जाडी ६५ मायक्रोमीटर. भोवऱ्यापासचे केस मानेवरच्या केसांइतकेच जाड!

मग मुलगा म्हणाला, "सर, आता तुमचे." माझ्या मानेवरच्या केसांचे अंतर १.९ सेंटीमीटर आले, म्हणजे जाडी सुमारे ६८ मायक्रोमीटर. शेंडीच्या जागचे अंतर ३.७ सेंटीमीटर, म्हणजे जाडी फक्त ३५. जाडी निम्मी झाली, तर छेदाचे क्षेत्रफळ सुमारे पाव होते. माथ्यावर केसांची संख्या फारशी घटलेली नसतानाही त्वचा का दिसू लागते, ते या आकड्यांतून कळते.

उपाय कोणते, आणि किती?

अर्धी उरलेली बाटली त्याने टेबलावर ठेवली. तेल केसाच्या दांड्याला वंगण देते, त्यामुळे केस कमी तुटतात. पण दांडा निर्जीव असतो, आणि पुटकातील संप्रेरकाचा परिणाम तेलाने थांबत नाही. आपल्या देशातील औषधांच्या १९४५ च्या नियमांत एक 'जे' परिशिष्ट आहे. ज्या विकारांवर 'हे औषध बरे करते' असा दावा करण्यास मनाई आहे, त्यांची यादी त्यात दिली आहे, आणि त्या यादीत टकलाचेही नाव आहे. मुंडण केल्यानेही केस दाट होत नाहीत. निमुळते टोक जाऊन बोथट टोक वर येते, म्हणून ते जाड भासतात.

परीक्षेला उतरलेली औषधे थोडी आहेत. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून त्याचा लावण्याचा द्रव तयार झाला आणि १९८८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच्या सुरुवातीच्या चाचण्या शेंडीच्या जागच्या टकलावरच झाल्या होत्या. दुसरे फिनास्टेराइड, ते वर सांगितलेल्या विकराला अडवते. टकलासाठी त्याला १९९७ साली मान्यता मिळाली. दोन्हींचा परिणाम दिसायला कित्येक महिने लागतात. सर्वांना सारखा गुण येत नाही, आणि औषध थांबवले की मिळालेले केस जातात. फिनास्टेराइडमुळे काहींना लैंगिक व मानसिक दुष्परिणाम होतात. ही औषधे प्रौढांसाठी आहेत, तीही त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच. शाळकरी मुलांनी ती परस्पर आणू नयेत.

तिसरा उपाय केशरोपणाचा. मागची पुटके माथ्यावर लावायची, म्हणजे ओरेंट्राइख यांचाच प्रयोग अधिक सूक्ष्मपणे करायचा. येथे आपला भोवरा पुन्हा भेटतो. शेंडीच्या जागी प्रत्येक केस भोवऱ्याच्या चक्रात योग्य कोनात बसवावा लागतो, नाहीतर केस भलतीकडे उभे राहतात. शिवाय पुढे भोवतालचे केस गेले, तर मध्ये केसांचे बेट आणि भोवती टकलाचे कडे उरण्याचा धोका असतो. म्हणून तरुण वयात शल्यचिकित्सक माथ्यावर रोपण करताना जपून असतात.

अचानक गोल चकती पडली, म्हणजे चाई पडली, डोक्यात नायटा झाला, किंवा टायफॉइड-डेंग्यूसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भरभर गळू लागले, तर ते विकार वेगळे आहेत. त्यांसाठी डॉक्टरांकडे लवकर जावे. त्यांपैकी अनेक बरे होतात.

त्या दिवशी मुलाने निघताना विचारले, "म्हणजे मला कधीच टक्कल पडणार नाही ना, सर?" त्याला खोटे आश्वासन देणे मला बरोबर वाटले नाही. मी म्हणालो, "दहा वर्षांनी काय होईल ते मी सांगू शकत नाही. वडिलांना आहे, तेव्हा तुलाही पडू शकेल. पण आज काही झालेलं नाही, हे आपण दोघांनी मोजून पाहिलंय. आणि पुढे झालंच, तर माझ्याकडे बघ. माझं काही अडलेलं नाही." तो प्रथमच हसला. दुसऱ्या दिवशी तो टोपीशिवाय आला, आणि पहिल्या बाकावर बसला.

करून पाहा

१. वर्गातील मित्रमैत्रिणींच्या संमतीने त्यांचे भोवरे पाहा. एक किती जणांना, दोन किती जणांना? घड्याळाच्या दिशेने वळलेले किती, उलटे किती? तक्ता करा.

२. दोन भोवरे असलेला मित्र सापडल्यास त्यांच्या मधली 'वजा एक' ची जागा शोधा. तीन भोवरे असते तर अशा किती जागा लागल्या असत्या?

३. शिक्षकांच्या देखरेखीखाली लेसरने स्वतःचा केस मोजा. झोत किंवा त्याचे परावर्तन कोणाच्याही डोळ्यांत जाऊ देऊ नका.

४. भोवऱ्याची काळजी वाटत असेल, तर एकाच जागी, एकाच उजेडात, कोरड्या केसांचे छायाचित्र दर सहा महिन्यांनी काढा. एका छायाचित्रावरून बदल कळत नाही. त्यासाठी निदान दोन छायाचित्रे हवीत.